भूपट्ट सरकतात, पण वसईचा किनारा ते खात नाहीत

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास जमीन वारंवार हादरू लागली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी त्या मालिकेतला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. आपल्या वसईतल्या नंदाखाल गावापासून धुंदलवाडी उत्तरेला 75-80 किलोमीटरवर. लोक रात्री घराबाहेर झोपत होते, शाळा तंबूत भरत होत्या. तेव्हापासून आपल्या भागात भूगर्भाविषयी बोलणं खूप वाढलं. अरबी समुद्राखाली प्लेट फाटते आहे, वज्रेश्वरीच्या कुंडांखाली ज्वालामुखी जागा होतो आहे, राजोडी-कळंबचा किनारा खचतो तोही प्लेट सरकल्यामुळेच, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं विरारच्या लोकलपासून लग्नाच्या मांडवापर्यंत भेटतात.

यातली भीती खरी आहे. तिची टिंगल करण्याचं कारण नाही. पण या समजुतींनी दुहेरी नुकसान होतं. माणसाने केलेलं नुकसान भूपट्टांच्या, म्हणजे या प्लेटच्या, नावावर जमा होतं, आणि भूपट्टांमुळे असलेला खरा धोका मात्र नजरेआड राहतो. म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

गैरसमज : जमीन संपते तिथे प्लेट संपते, म्हणजे आपण अगदी कडेवर राहतो

नकाशात जमीन एका रंगात आणि समुद्र निळा असतो, त्यामुळे किनारा म्हणजेच हद्द असं वाटणं स्वाभाविक आहे. भूपट्टाची हद्द मात्र किनाऱ्याशी जुळत नाही. आपला भूपट्ट राजोडीच्या वाळूखालून, अर्नाळ्याच्या बेटाखालून तसाच पुढे समुद्रतळाखाली पसरत जातो. पश्चिमेला तो संपतो ओमानच्या बाजूला, ओवेन विभंग क्षेत्रापाशी, म्हणजे इथून तेराशे किलोमीटरच्या आसपास. नैर्ऋत्येला त्याची हद्द म्हणजे कार्ल्सबर्ग कटक, ही समुद्राच्या तळावरची डोंगररांग. उत्तरेला हिमालय. नंदाखालला सर्वांत जवळची कड आहे ती कराचीच्या बाजूला, आणि तीही सुमारे 900 किलोमीटर दूर.

भूपट्टांच्या शास्त्राचा एक भक्कम पुरावा याच आपल्या बाजूच्या समुद्रातून मिळालेला आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 साली खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. 1930 साली ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला, तोपर्यंतही ते मान्य झालं नव्हतं. 1962 साली ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने कार्ल्सबर्ग कटकावर चुंबकीय मोजणी केली. तिच्या आधारे फ्रेड वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी 1963 साली दाखवून दिलं, की कटकाच्या मध्यातून नवा समुद्रतळ तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची खूण आपल्यात जपून ठेवतो. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची दिशा अधूनमधून उलटत आल्यामुळे त्या खुणांचे आलटून पालटून पट्टे दिसतात. आज सगळं जग शिकतं तो हा शोध अरबी समुद्राच्या तोंडाशी केलेल्या मोजणीवर उभा आहे, हे आपल्या मुलांना शाळेत सांगायला हवं.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, अशी जपानसारखी खोल खंदकाची जागा वसईसमोर नाही. म्हणून वसईच्या दाराशीच महाभूकंप होईल ही भीती बाळगू नये. त्सुनामीचं मात्र तसं नाही. 28 नोव्हेंबर 1945 रोजी पाकिस्तान-इराणजवळच्या मकरान किनाऱ्यावर 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. इथे त्यांची उंची सुमारे 2 मीटर होती आणि माणसं वाहून गेली. भूकंपानंतर लाट इथे पोचायला काही तास लागतात, आणि 2007 पासून हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र काम करतं आहे. तो इशारा आला तर लाट बघायला किनाऱ्यावर जायचं नसतं, उंचावर जायचं असतं.

गैरसमज : खाली सगळा लाव्हा आहे आणि भूपट्ट त्यावर तरंगतात

भूपट्टांखालचं प्रावरण बहुतांशी घन खडकाचं आहे. प्रचंड उष्णता आणि दाब यांमुळे तो घन खडकच लाखो वर्षांच्या हिशेबात अतिशय सावकाश वाहतो. कढईत पुरणपोळीचं पुरण घट्ट होत आलं की ते द्रव राहत नाही, पण उलथन्याने रेटलं तर सरकतं. प्रावरणाचं वागणं काहीसं तसं आहे, फक्त त्याचा वेग डोळ्यांना दिसणारा नाही. खडक खरोखर वितळतो तो ठरावीक ठिकाणी : दाब कमी होतो तिथे, पाणी मिसळतं तिथे, किंवा खालून जास्तीची उष्णता वर येते तिथे. पृथ्वीचा संपूर्ण द्रव असा थर आहे तो बाह्य गाभ्याचा, सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर. भूपट्टांशी त्याचा थेट संबंध नाही.

वेगाबद्दलही अंदाज चुकतात. भारतीय भूपट्ट आज युरेशियाच्या दिशेने वर्षाला 4 ते 5 सेंटीमीटर सरकतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि हैदराबादच्या ठाण्यातल्या उपग्रहाधारित उपकरणांनी हे वर्षानुवर्षं मोजलेलं आहे. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च सोळाव्या शतकात उभं राहिलं. तेव्हापासून चर्च, त्याच्या भोवतालच्या वाड्या आणि आपण सगळे मिळून साधारण 20 मीटर उत्तरेला आलो आहोत. भुईगावला 1956 साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो लेख कोरला गेला तेव्हापासून आपली जमीन 100 मीटरच्या आसपास सरकली. सोपाऱ्याचं बंदर गाळाने भरलं, खाड्या बुजल्या, राज्यं गेली, आणि या सगळ्या काळात भूपट्टाची वाटचाल झाली ती एवढीच.

गैरसमज : जीवदानी, तुंगारेश्वर हे जुने ज्वालामुखी आहेत आणि ते पुन्हा पेटू शकतात

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या भागाची सर्वांत मोठी गोष्ट यात आहे.

जीवदानीचा आणि तुंगारेश्वरचा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा आहे हे खरं. पण त्यांचा आकार ज्वालामुखीच्या शंकूतून आलेला नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. बहुतेक लाव्हा दहा लाखांहूनही कमी वर्षांत वाहिला. आज जेवढा उरला आहे तेवढाच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि पश्चिम घाटात त्याची जाडी 2 किलोमीटरच्या पुढे जाते. आपले डोंगर म्हणजे त्या थरांमधून पावसाने आणि नद्यांनी कोरून उरवलेले भाग आहेत. दगडखाणीच्या उघड्या कड्यावर आडव्या थरांना छेदून जाणारी उभी, वेगळ्या पोताची भिंत दिसली, तर ती ‘डाइक’ असते. वर चढताना भेगेतच थिजलेला लाव्हा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही थंड होताना उभ्या खांबांत फुटलेल्या बेसॉल्टची.

मग ती आग गेली कुठे? ती जवळपास होती तिथेच राहिली, आपण पुढे निघून आलो. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या लाव्हाचा उगम होता प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण स्रोतात, आणि तो स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार फुटतो. भूपट्ट त्या स्रोतावरून उत्तरेला सरकत गेला, तसतशी समुद्रतळावर जळल्याच्या खुणांची रांग उमटली : लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. ते बेट इथून जवळपास पाच हजार किलोमीटर दूर आहे. तुंगारेश्वरखाली पुन्हा पेटायला आज तसा स्रोतच नाही.

आपण दक्षिणेकडून आलो हे सिद्ध करण्यात मुंबईच्या शास्त्रज्ञांचा मोठा हात आहे. लाव्हा थिजतो तेव्हा त्यातले लोहयुक्त कण त्या जागेच्या चुंबकीय दिशेला वळून तसेच कायम होतात. त्यांचा कल अक्षांशानुसार बदलतो, त्यामुळे खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते मोजता येतं. 1950 च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टचं असं मोजमाप केलं, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी 1959 च्या सुमारास त्यात मोलाची भर घातली. उत्तर आलं, दक्षिण गोलार्धात 30 अंशांच्या आसपास. आज नंदाखाल उत्तरेला साडेएकोणीस अंशांजवळ आहे. हे अंतर जवळपास साडेपाच हजार किलोमीटर होतं, म्हणजे सरासरी वर्षाला 8 सेंटीमीटर. मधल्या काळात हा वेग आजच्या तिप्पट-चौपटही होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाल्यावर तो उतरला. आणि ही मोजणी झाली तेव्हा जगातले बहुतेक भूशास्त्रज्ञ खंड सरकतात हे मानायलाही तयार नव्हते.

गैरसमज : गरम पाण्याची कुंडं म्हणजे ज्वालामुखीची खूण

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सातिवली इथली कुंडं आणि खाली राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंतचे गरम झरे कोकणात एका लांब पट्ट्यात येतात. याचं कारण किनाऱ्याच्या जन्मात आहे. लाव्हा ओतला जाऊन फार काळ लोटला नव्हता, तेव्हा, सुमारे 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी, आपल्या पश्चिमेला चिकटून असलेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून निघाला आणि मध्ये अरबी समुद्र उघडत गेला. त्या ताणात किनाऱ्यालगतचा भाग खाली वाकला आणि तडकला. म्हणून मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात बेसॉल्टचे थर समुद्राकडे कललेले दिसतात आणि माथेरानच्या कड्यावर ते आडवे दिसतात. भूशास्त्रज्ञ या वाकाला पनवेलचा वाक म्हणतात.

पावसाचं पाणी त्या खोल भेगांतून खाली उतरतं. जमिनीत जितकं खोल जावं तितकं तापमान वाढतं, तसं ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पाण्यातल्या समस्थानिकांच्या चाचण्यांमधूनही ते मुख्यतः पावसाचंच असल्याचं दिसलं आहे. एखाद्या कुंडाचं पाणी एका वर्षी जरा जास्त गरम किंवा कमी वाटलं, म्हणून घाबरू नये.

गैरसमज : सह्याद्रीही हिमालयासारखाच टकरीतून वर आला

हिमालय टकरीतून उभा राहिला आणि तिथले थर वेडेवाकडे दुमडलेले आहेत. सह्याद्रीचे थर बहुतेक ठिकाणी सपाट आहेत. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीवरही लाव्हाचे आडवे थरच चढत जावे लागतात. पश्चिमेकडची बाजू तुटून खचल्यावर जो कडा उरला, त्याला पाऊस आणि नद्या कोट्यवधी वर्षं मागे कोरत राहिल्या. आपण सह्याद्री म्हणतो तो हा मागे हटत गेलेला कडा.

गैरसमज : भूकंप फक्त प्लेटच्या कडेवर होतात

कड दूर आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजली आहे. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. त्या वेळी किल्लारी देशाच्या भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. पुढे तिथे विंधनविहीर खणली, तेव्हा बेसॉल्टचा थर फक्त 338 मीटर जाडीचा निघाला; त्याखाली कितीतरी जुना खडक आणि त्यातले जुने विभंग होते.

हिमालयापाशी भूपट्ट अडतो, पण मागून येणारा रेटा थांबत नाही. तो दाब संपूर्ण भूपट्टभर पसरतो आणि जुन्या, कमकुवत भेगांवर साचतो. एखादी भेग कधीतरी सरकते. कोयनेत धरणाच्या पाण्याने त्या भेगा सरकायला निमित्त दिलं, हे आज जगभर मान्य आहे. 1983 साली भातसा धरणाच्या परिसरातही धक्के बसले. डहाणू-तलासरीच्या मालिकेतले धक्के उथळ आहेत, आणि खोल भेगांत शिरणाऱ्या पाण्याच्या हालचालीचा त्यात वाटा असावा, असा खुलासा काही संशोधकांनी मांडला आहे. म्हणजे दाब भूपट्टाचा, निमित्त स्थानिक.

गैरसमज : 1618 साली वसई-मुंबईत भयंकर भूकंप झाला होता

ही चूक सामान्य माणसांची नाही, भूकंपांच्या जुन्या याद्यांची आहे. त्यांत 26 मे 1618 रोजी मुंबई परिसरात मोठा भूकंप आणि 2000 मृत्यू अशी नोंद आढळते, आणि तिथून ती अनेक लेखांत उतरली. पोर्तुगीज काळातलं मूळ वर्णन वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. मे महिन्यात वसईवर आलेलं प्रचंड वादळ, शहरात घुसलेला समुद्र, उडालेली चर्चची छपरं, उन्मळून पडलेली झाडं. ते चक्रीवादळ असणंच जास्त पटतं. कोलकात्याच्या 1737 च्या ‘भूकंपा’चंही असंच झालं होतं, रॉजर बिलहॅम या भूकंपतज्ज्ञाने 1994 साली तो प्रसंग तपासला आणि तिथला संहार वादळाचा होता हे दाखवलं. वसईच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्यांनी ही नोंद दुरुस्त करून सांगावी. आपल्या गावांना समुद्राच्या वादळाचा किती धोका आहे, हे 1618 चं वर्णन अधिक स्पष्टपणे सांगतं.

गैरसमज : छोटे धक्के बसले की दाब निघून जातो, मोठा भूकंप टळतो

ऐकायला दिलासा देणारं, पण हिशेबात न बसणारं. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते, दोन अंकांनी वाढली तर सुमारे हजार पट. किल्लारीएवढी ऊर्जा 4 च्या आसपासच्या धक्क्यांमधून निघायची, तर तसे हजाराहून अधिक धक्के लागतील. डहाणूकडचे बहुतेक धक्के तर त्याहूनही लहान आहेत. याचा अर्थ तिथे मोठा भूकंप येणारच, असाही नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगण्याचं शास्त्र जगात कुठेही नाही, आणि तसा संदेश मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नये.

गैरसमज : किनारा खचतो, विहिरी खाऱ्या होतात, हे प्लेट सरकल्यामुळे

या समजुतीची मला सर्वांत जास्त चिंता वाटते.

भूपट्ट सरकतो तेव्हा नंदाखाल, राजोडी, भुईगाव आणि समोरचा समुद्रतळ एकत्रच सरकतात. किनाऱ्याची वाळू त्याने एका पिढीत वाहून जात नाही. ती जाते वाळूच्या उपशाने, चुकीच्या जागी घातलेल्या बांधांनी, वादळी लाटांनी, आणि आता वर्षाला 3 ते 4 मिलिमीटर या जागतिक सरासरीने चढणाऱ्या समुद्राने. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडतात, त्यात पाताळाचा काही हात नाही.

विहिरींचंही तेच. किनाऱ्यालगतच्या वाळूत आणि गाळात पावसाचं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर साचून राहतं. ते मुरण्याच्या वेगापेक्षा जास्त उपसलं, की खालचं खारं पाणी वर चढतं. आपल्या पूर्वजांनी वाड्यांमध्ये बावखलं, म्हणजे छोटी तळी, राखली, त्यांत पाऊस साठला आणि मुरला, म्हणून पानवेली आणि केळी टिकल्या. टँकरने होणारा बेसुमार उपसा आणि बावखलं बुजवणं हे माणसांचे निर्णय आहेत. नंदाखालमध्येच जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’साठी उभे राहिले, ते हे निर्णय बदलता येतात म्हणूनच. दोष भूपट्टाला दिला, की त्या लढ्याचा पायाच जातो.

राहिला भूकंपाचा खरा धोका. 2002 च्या सुधारित नकाशात वसई-विरार तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवलं होतं. पण धोका नुसत्या क्षेत्रावर ठरत नाही, पायाखालच्या मातीवरही ठरतो. बेसॉल्टवर हादरा कमी वाढतो, मऊ गाळावर आणि भरावावर तो कितीतरी वाढतो. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. खाली साबरमतीचा गाळ होता, आणि अनेक इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळ्या खांबांवर उभा होता. किल्लारीत माणसं दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून गेली. आपल्याकडे खाडीलगतच्या खाजणांवर आणि मिठागरांवर भराव टाकून मजल्यावर मजले चढत आहेत.

म्हणून घर घेताना बिल्डरकडे माती-परीक्षणाचा अहवाल मागा. इमारत आयएस 1893 या भूकंपविषयक मानकानुसार बांधल्याचं संरचना अभियंत्याचं सही केलेलं प्रमाणपत्र मागा. जुनी इमारत असेल, तर सोसायटीच्या सभेत संरचनात्मक तपासणीचा ठराव मांडा आणि तळमजल्याचे खांब, भिंती पाडून दुकानाचे गाळे काढायला ठाम नकार द्या.